मूनलाइट सोनाटाची तिसरी मूव्हमेंट कशी बसवायची

पियानोवर बेथोवनच्या मूनलाइट सोनाटाची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, हाताखाली आली की मन आपोआप तिसरीकडे धावतं. मधली छोटी मूव्हमेंट ओलांडून थेट शेवटच्या वादळात उडी मारावीशी वाटते. इच्छा चांगली आहे, पण पहिल्या आणि तिसऱ्या मूव्हमेंटमधलं अंतर एका इयत्तेचं नाही, चार-पाच इयत्तांचं आहे. हा लेख ते अंतर कापायला निघालेल्यांसाठी आहे. स्टाफ नोटेशन वाचता येतं आणि दोन्ही हातांनी सोप्या सोनाटिना वाजवता येतात, असं इथे गृहीत धरलं आहे.

बेथोवनने हा सोनाटा १८०१ मध्ये रचला. १८०२ मध्ये तो व्हिएन्नात छापला गेला, ओपस (प्रकाशित कृतीचा क्रमांक) २७ मधला दुसरा. ‘मूनलाइट’ हे नाव त्याने दिलेलं नाही. त्याच्या मृत्यूनंतर रेलश्टाब नावाच्या समीक्षकाने पहिल्या मूव्हमेंटला चांदण्याची उपमा दिली आणि तेच नाव चिकटलं. तिसऱ्या मूव्हमेंटवर बेथोवनचे शब्द आहेत ‘प्रेस्टो आजिटाटो’, म्हणजे अतिद्रुत आणि अस्वस्थ.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. पहिल्या बारखाली ‘पी’ लिहिलेलं आहे. म्हणजे हळू आवाजात. रेकॉर्डिंग ऐकून ही मूव्हमेंट पहिल्यापासून दणकून वाजते असा समज होतो, आणि शिकणारा पहिल्याच ओळीत सगळं बळ लावून मोकळा होतो. तिसऱ्या पानापर्यंत हात दगडासारखा होतो. जोर फक्त ‘सफोर्त्सांडो’ (अचानक ठासून) लिहिलेल्या जागी लावायचा आहे. बाकीचा बराच भाग दबक्या आवाजात धावतो. तो दबकेपणा पाळला तर हात हलका राहतो, आणि हलका हातच वेग पकडू शकतो.

तयारी तपासा

तीन चाचण्या करून पाहा. सी शार्प मायनरची स्केल दोन्ही हातांनी चार सप्तकं, मेट्रोनोम १०० वर, प्रत्येक ठोक्याला चार स्वर. सी शार्प मायनरचा आर्पेजिओ, म्हणजे कॉर्डचे स्वर एकामागून एक, उजव्या हाताने, ८० वर, तोही ठोक्याला चार. आणि डाव्या हाताने सलग दोन मिनिटं आल्बर्टी बास, म्हणजे खालचा-वरचा-मधला-वरचा असा कॉर्ड फोडून, १०० वर. तिन्ही न अडखळता आणि हात न आवळता जमले तर सुरुवात करा. तिसरी चाचणी जमली नाही तर मोझार्टचा के. ५४५ हा सोनाटा आधी घ्या. तिन्हीत अडचण आली तर बेथोवनच्याच ओपस २ क्रमांक १ ची शेवटची मूव्हमेंट किंवा ओपस १३, ‘पाथेटीक’ची पहिली मूव्हमेंट मध्ये घालणं शहाणपणाचं. त्यात एखादं वर्ष गेलं तरी ते वाया जात नाही.

वाद्य ८८ पट्ट्यांचं आणि वजनदार पट्ट्यांचं हवं. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर खालचा बास निसटतो. शिवाय हलक्या, स्प्रिंगच्या पट्ट्यांवर बसवलेली बोटं खऱ्या पियानोवर बसल्यावर तोंडघशी पडतात. डिजिटल पियानोचा आवाज रात्री फार कमी करून सराव करू नका. कानात कमी ऐकू येतं म्हणून बोटं नकळत जोरात आपटू लागतात. त्यापेक्षा हेडफोन लावून आवाज नेहमीएवढा ठेवा. मुंबई, कोकण, गोवा इथल्या जुन्या अपराइट पियानोंच्या पट्ट्या पावसाळ्यात फुगून अडकतात किंवा उशिरा वर येतात. एखादा स्वर सारखा गळत असेल तर बोटाला दोष देण्याआधी ती पट्टी एकटी, भराभर आठ-दहा वेळा वाजवून बघा. ती वेळेत वर येत नसेल तर काम ट्यूनरचं आहे.

बाकाची उंची अशी ठेवा की कोपर पट्ट्यांच्या पातळीत किंवा किंचित वर राहील. बाकाच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसा. मागे टेकून बसलं की वरच्या सप्तकात पोचताना खांदा उचलला जातो.

प्रत आणि नकाशा

उर्टेक्स्ट, म्हणजे संगीतकाराने लिहिलं तसं छापलेली प्रत घ्या. हेन्ले आणि बेरनरायटर या दोन्ही चांगल्या आहेत. आयएमएसएलपी या ऑनलाइन संग्रहावर जुन्या प्रती फुकट मिळतात, पण त्यांतल्या कित्येकांत संपादकांनी स्वतःच्या पेडलच्या खुणा आणि स्लर घुसडलेले असतात. प्रत हातात आली की पेन्सिलने दर पाच बारला क्रमांक टाका. रिपीटच्या पहिल्या-दुसऱ्या शेवटामुळे काही प्रतींत क्रमांक एक-दोनने पुढेमागे होतात, तेवढं लक्षात ठेवा.

मूव्हमेंट २०० बारची आहे. साधारण पहिल्या ६४ बारचं एक्स्पोझिशन (मुख्य चालींची मांडणी), ते पुन्हा वाजवायचं. त्यानंतर सुमारे १०१ पर्यंत डेव्हलपमेंट (त्यांचा विस्तार), १०२ पासून सुरुवात परत येते, ते रीकॅपिट्युलेशन, आणि १५८ च्या आसपासपासून शेवटपर्यंत लांबलचक कोडा (समारोप). रिपीट धरून एकूण २६४ बार होतात. मेट्रोनोम १६० वर ते साडेसहा मिनिटांत संपतात, १३२ वर आठ मिनिटं लागतात. १६० ला सेकंदाला दहाहून अधिक स्वर पडतात, १३२ ला नऊच्या आत. १३२ वर नीट वाजलेली ही मूव्हमेंट ऐकणाऱ्याला पुरेशी झंझावाती वाटते, म्हणून पहिलं ध्येय तेच ठेवा.

नोटेशनमध्ये दोन जागी नवख्याची फसगत होते. बी शार्प हा स्वर तिसऱ्या बारपासूनच भेटतो. ती सी ची पांढरी पट्टी. दुसरा विषय, म्हणजे दुसरी मुख्य चाल, २१ व्या बारला जी शार्प मायनरमध्ये सुरू होतो आणि तिथे एफ डबल शार्प येतो. ती जी ची पांढरी पट्टी. डोळ्याला एफ दिसतो, म्हणून बोट एफ किंवा एफ शार्पवर जातं. पहिल्याच दिवशी या खुणांभोवती पेन्सिलने गोल करा. चुकीचा स्वर आठवडाभर वाजला की तो कानात बसतो, आणि मग काढायला महिना लागतो.

सुरुवातीचे दोन बार

पूर्ण मूव्हमेंटचा प्राण इथे आहे, म्हणून पहिला आठवडा फक्त यांच्यासाठी राखून ठेवा.

उजवा हात सी शार्प मायनरच्या कॉर्डवरून चढत जातो. स्वर चार-चारच्या गटात आहेत. बारकाईने बघा: प्रत्येक नवा गट आधीच्या गटाच्या दुसऱ्या स्वरापासून सुरू होतो. सी शार्प, ई, जी शार्प, सी शार्प हा गट झाला की पुढचा ई, जी शार्प, सी शार्प, ई. म्हणजे अंगठ्याला लांब उडी मारायचीच नाही. आत्ता ज्या पट्टीवर दुसरं बोट होतं, तिथे अंगठा आणायचा, एवढंच. ही एक गोष्ट उमगली की जिना चढणं सोपं होतं. न उमगता वाजवणारा प्रत्येक गट नव्याने शोधत राहतो आणि प्रत्येक गटाआधी बारीकशी खीळ पडते.

फिंगरिंग १-२-३-५ किंवा १-२-४-५. ई, जी शार्प, सी शार्प, ई या गटाला बहुतेक हातांना १-२-४-५ बरं पडतं, बाकीच्या गटांना १-२-३-५. तुमच्या हाताला जे सोयीचं असेल ते ठरवा, प्रतीवर लिहा आणि परत बदलू नका. या कॉर्डमध्ये ई एवढीच पांढरी पट्टी आहे, त्यामुळे अंगठा वारंवार काळ्या पट्टीवर पडणार. म्हणून सगळा हातच पट्ट्यांच्या आतल्या बाजूला, काळ्या पट्ट्यांच्या मधोमध ठेवा. हात बाहेर राहिला तर अंगठ्यासाठी दर वेळी मनगट पुढे ढकलावं लागतं, आणि थकव्याची सुरुवात तिथूनच होते.

सरावाचा क्रम असा. आधी चारही स्वर एकदम, कॉर्ड म्हणून दाबा. सोडा, पुढच्या गटावर सरका, दाबा. सात गट चढले की वर पोचलात. हे डोळे मिटून जमेपर्यंत करा. मग गट फोडून वाजवा, पण प्रत्येक गट पुढच्या गटाच्या पहिल्या स्वरापर्यंत: चार अधिक एक, आणि थांबा. अंगठा नव्या पट्टीवर आला आहे, हात सैल आहे, हे तपासा. मगच पुढे जा. अडचण नेहमी चौथ्या आणि पाचव्या स्वराच्या मध्ये असते. नुसते चार-चार स्वर घोटून ती सुटत नाही, कारण तो जोड वाजवलाच जात नाही. चार अधिक एक जमलं की आठ अधिक एक, मग पूर्ण बार.

हात लहान असेल तर चार स्वरांचा सप्तकभर ताण धरून ठेवू नका. करंगळी वाजेपर्यंत अंगठा आपली पट्टी सोडून आत आलेला असला पाहिजे. हात उघडायचा आणि लगेच मिटायचा. कॉर्डचा सराव नकाशासाठी आहे. वाजवताना हात तसा पसरलेला राहिला तर कोपरापर्यंत कळ येते.

दुसऱ्या बारच्या चौथ्या ठोक्यावर दोन कॉर्ड आहेत आणि त्यातल्या पहिल्यावर सफोर्त्सांडो आहे. जोर दंडातून, वरून सोडलेल्या वजनाचा. दुसरा कॉर्ड त्याच हालचालीच्या उसळीत, हलका. चढताना हळूहळू आवाज वाढवत नेणं ही इथली सगळ्यात मोठी चूक. चढ दबकाच ठेवा, म्हणजे वरचा तडाखा खरोखर तडाखा वाटतो. बेथोवनने पेडलची खूण याच दोन कॉर्डवर दिली आहे, आधीच्या आर्पेजिओवर नाही. सुरुवातीचे सहा-आठ आठवडे पेडलला पायच लावू नका. पेडल धरलं की गळलेले स्वर झाकले जातात आणि ते गळतात हे कळतच नाही.

या सगळ्यात डावा हात आठव्या स्वरांत (ठोक्याला दोन) बास टिकटिकवत असतो. दिसायला सोपा, पण मूव्हमेंटची लय त्याच्या हातात आहे. तो एकटा मेट्रोनोमवर वाजवा, कोरडा, सारखा, आणि उजव्यापेक्षाही हळू आवाजात. बास एकेक पायरी उतरत नवव्या बारला जी शार्पवर येतो आणि तिथे अडून बसतो. चौदाव्या बारला फर्माटा (थांबण्याची खूण) आहे. तिथे खरंच थांबा. गडबडीत हा थांबा खाल्ला तर पंधराव्या बारला सुरुवात परत येते तिचा अर्थच हरवतो.

डावा हात: खरी परीक्षा

उजव्या हाताची धास्ती सगळ्यांना असते, पण ही मूव्हमेंट बहुतेकदा डाव्या हातावर फसते. २१ व्या बारपासून उजवीकडे गाती चाल येते आणि सोळावे स्वर (ठोक्याला चार) डावीकडे जातात. खालच्या स्वराला पाच, वरच्याला एक, मधल्याला दोन किंवा तीन. केवळ बोटं उचलून हे वाजवलं तर पंधरा-वीस बारमध्ये हात भरून येतो. हालचाल कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाताने करायची: कुलपात किल्ली फिरवताना तो जसा फिरतो, तसा, पण अगदी थोडा. करंगळीकडे, अंगठ्याकडे, परत. आधी फक्त पाच आणि एक ही दोन बोटं, ६० वर, एक मिनिट. मग मधलं बोट घाला. अंगठा दर दुसऱ्या स्वराला येतो आणि तो स्वभावाने जड असतो. त्याचा आवाज जाणूनबुजून कमी करा. करंगळीचा स्वर किंचित ठळक ठेवा, कारण बासची चाल तिथे आहे.

तपासण्याची सोपी रीत: उजव्या हाताने डावं मनगट खालून हलकेच धरा आणि वाजवा. मनगट आवळलेलं असेल तर बोटांना लगेच कळेल.

मग उजव्या हाताची चाल एकटी, गाऊन वाजवा. खरंच तोंडाने गुणगुणा. दोन्ही हात एकत्र आणताना डाव्याचा आवाज इतका हळू ठेवा की चाल त्याच्यावर तरंगते आहे असं वाटलं पाहिजे. डेव्हलपमेंटमध्ये हीच चाल डाव्या हातात जाते आणि तोल उलटा करावा लागतो. तो भाग सुरुवातीपासून वेगळा विषय समजून बसवा.

४३ व्या बारपासून आठव्या स्वरांत टोचरे कॉर्ड येतात. सोळाव्या स्वरांनंतर ही विश्रांती वाटते आणि नेमकं इथेच मनगट आखडतं. प्रत्येक कॉर्डला वेगळा उचललेला हात नको. एका खाली जाणाऱ्या हालचालीत दोन किंवा चार कॉर्ड बसवा, बोटं पट्ट्यांना जवळजवळ चिकटूनच.

रीकॅपिट्युलेशन बरंचसं ओळखीचं असतं, पण दुसरा विषय आता सी शार्प मायनरमध्ये येतो. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची मांडणी बदलते, त्यामुळे जुनं फिंगरिंग जसंच्या तसं चालत नाही. नवं फिंगरिंग लिहून काढा. आणि ११० ते १२० हे बार रोज वेगळे वाजवा; हात सवयीने एक्स्पोझिशनच्या वाटेला लागतो आणि माणूस पुन्हा पहिल्या पानावर जाऊन पडतो.

वेग कसा वाढवायचा

रोज मेट्रोनोम दोन-दोनने वाढवत न्यायचा, हा सल्ला सर्रास दिला जातो. ९०-१०० पर्यंत तो चालतो, मग गाडी अडते. कारण संथ वाजवताना प्रत्येक बोट वेगळं उचललं तरी भागतं; द्रुत लयीत चार स्वर एकाच हालचालीत यावे लागतात. ती हालचाल संथ सरावातून आपोआप उगवत नाही. म्हणून दोन्ही टोकांनी काम करा. ६० वर पूर्ण परिच्छेद, प्रत्येक स्वर ऐकत. त्याच बैठकीत १३२ वर फक्त एक गट अधिक एक स्वर, आणि पूर्ण एक ठोका विश्रांती. असे पाच सुटसुटीत झाले की दोन गट, मग चार. वेग तोच ठेवून लांबी वाढवा. हात आवळला की एक गट मागे या. स्वर असमान पडत असतील तर लांब-आखूड, लांब-आखूड अशा लयीत, आणि मग उलट, पाच-पाच वेळा वाजवा.

दिवसाला ४५ ते ६० मिनिटं पुरतात, पण या मूव्हमेंटचा सलग रियाज २० मिनिटांपेक्षा जास्त नको. मध्ये पाच मिनिटं हात खाली सोडून बसा किंवा काही संथ वाजवा. हात जड होणं चालतं. मनगटात किंवा अंगठ्याच्या बुडाशी टोचणारी कळ आली तर त्या दिवशी बंद. दोन-तीन दिवसांत थांबली नाही तर डॉक्टरांना दाखवा. कळ सहन करत वाजवून कुणाचाही वेग वाढलेला नाही.

तयारी पुरेशी असेल तर साधारण वेळापत्रक असं बसतं: पहिले सहा आठवडे एक्स्पोझिशन, पुढचे तीन डेव्हलपमेंट, मग दोन-तीन आठवडे रीकॅपिट्युलेशन, आणि कोडाला पुरा महिना. कोडा मात्र शेवटपर्यंत राखून ठेवू नका. दुसऱ्या महिन्यापासून रोज दहा मिनिटं त्याला द्या. शेवटी शिकलेला भाग सर्वांत कच्चा राहतो, आणि इथे तो सर्वांत अवघड आहे, तोही हात थकलेले असताना वाजवायचा. पाठ करताना दर आठ-दहा बारला एक ठाणं ठरवा आणि कुठल्याही ठाण्यावरून सुरू करता आलं पाहिजे. फक्त पहिल्यापासूनच वाजवता येणं म्हणजे पाठ झालेलं नाही.

कोडा

१६३ च्या आसपास डिमिनिश्ड कॉर्डचे आर्पेजिओ उसळतात आणि फर्माटावर तुटतात. इथे पेडल हवं, आणि फर्माटावर एवढं थांबा की आवाज विरत जाताना ऐकू आला पाहिजे. पुढे दुसरा विषय शेवटचा येऊन जातो, आर्पेजिओ पुन्हा उसळतात, क्रोमॅटिक चढ येतो आणि १८७ च्या सुमाराला लांब ट्रिल (शेजारच्या दोन स्वरांची भराभर आलटापालट). ट्रिलमध्ये किती स्वर हे मोजू नका. सावकाश सुरू करून मोकळी सोडा, ३-१ किंवा ३-२ अशा बोटांनी, दंड सैल. तिच्यातून बारीक टायपात छापलेले स्वर उतरत खाली येतात. त्यांना ठोका नाही, पण ते ओघळले पाहिजेत. सुरुवात सावकाश, मध्ये थोडा वेग, खाली पोचताना परत सावकाश.

मग दोन बार ‘अडाजिओ’, म्हणजे संथ, खोल बासमध्ये, हळू आवाजात. ते पूर्ण मोजून घ्या. मनातला प्रेस्टोचा ठोका सोडून नवा, तिप्पट संथ ठोका धरा. या दोन बारमध्ये खांदे खाली सोडा, मनगटं सैल करा, कारण १९० ला मूळ लय एकदम परत येते आणि उरलेले दहा-अकरा बार थांबायला जागा नाही. १९० पासूनचा भाग नेहमी अडाजिओपासून जोडून वाजवा, वेगळा कधीच नाही. शेवटच्या दोन कॉर्डआधी लय ओढू नका. बेथोवनने तिथे संथ होण्याची कुठलीही खूण दिलेली नाही; दोन्ही कॉर्ड लयीतच पडतात आणि पेडल दुसऱ्याबरोबर लगेच सुटतं.